कसर

आमच्या घरात चित्र बघायची एक वेगळी रीत होती. इतरांकडे चित्र भिंतीवर लावत आणि समोरून बघत. आमच्याकडे ते खिडकीशी नेऊन उजेडावर धरत आणि आरपार बघत, कारण आमच्या घरात चित्र ही टोचायची वस्तू होती. आई साड्यांवर आणि ब्लाउजपिसांवर भरतकामाचे नमुने छापून द्यायची. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत जमिनीवर घोंगडी चौघडी घालून अंथरलेली असायची. तिच्यावर चित्र, चित्रावर बटर पेपर, आणि आईच्या हातात बुचात खोचलेली सुई. रेघेवरून ती सुई टच टच टच अशी एका चालीत जायची. कागदावर भोकांची रांग उठली की त्याला खाका म्हणायचं. मग खाका कापडावर ठेवायचा, रॉकेलमध्ये नीळ कालवून चिंधीचा बोळा त्यात बुडवायचा आणि वरून फिरवायचा. कागद उचलला की खाली कापडावर निळ्या ठिपक्यांची वेल उमटलेली असायची. हजार वेळा बघूनही त्या कागद उचलण्याच्या क्षणी मी श्वास धरायचे. अजूनही कुणी काही झाकलेलं उचललं की माझा श्वास तसाच अडकतो.

बाबा तिसऱ्या पाळीहून येऊन आतल्या खोलीत झोपत. सुईच्या आवाजाने त्यांना झोप लागायची आणि आवाज थांबला की जाग यायची. "काय गो, दमलंस?" असं आतून विचारत. आमच्या भाकरीला रॉकेलचा वास यायचा, पेजेला यायचा, सुकटाच्या किसमुरीलासुद्धा यायचा, आणि शेजारणी नाकाला पदर लावून त्यावर टोमणे मारायच्या. पण नमुने छापायला त्याच यायच्या. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक गल्लीतल्या गुजराती बायका. त्यातल्या एक जिग्नाबेन एकदा खाक्यांचा गठ्ठा चाळून वैतागल्या. "भाभी, मोर पुरे हां आता! जाऊच्या पदरावर मोर, नणंदेच्या पदरावर मोर. मी काय घरात मोरांचा झू काढू? काही नवीन आणा ना." आई हसली, पण त्या गेल्यावर बराच वेळ सुई हातात धरून नुसती बसून राहिली. आतून बाबांनी विचारलंच, "दमलंस?"

ते नवीन मला वाचनालयात सापडलं. मी तेव्हा अकरावीत होते. आमच्या भागातलं वाचनालय एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. वनखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ वारले आणि त्यांच्या मुलींनी वडिलांची एक पत्र्याची पेटी वाचनालयाला देऊन टाकली. पेटीत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची सुटी चित्रं होती. पक्षी, प्राणी, फुलपाखरं, रानातली झाडं. छापलेल्या काळ्या रेषेत कुणीतरी हाताने रंग भरलेले. आमचे ग्रंथपाल सबनीस सर त्या पेटीशेजारून चप्पल काढून चालत. पेटी आली त्या वर्षीच्या दिवाळीनंतर त्यांनी ठरवलं की ही चित्रं लोकांना दाखवायची. आठवडाभर, वरच्या सभागृहात, फुकट.

प्रदर्शनाचं सगळं काम कुंदाताईवर पडलं. कुंदाताई वाचनालयात हंगामी मदतनीस होती. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, जाड भिंगांचा चष्मा, वेणी नेहमी पुढे घेतलेली. तिच्या कामाचा झपाटा बघण्यासारखा होता. पुस्तक जागेवर ठेवायची, हात झटकायची, "झालं म्हणजे झालं!" आणि वळून पुढच्या कामाला. काही पुन्हा तपासायची तिला सवय नव्हती, गरजही पडायची नाही. प्रदर्शन नीट पार पडलं की तिला कायम करायचं, असं कमिटीने सरांजवळ कबूल केलं होतं. हे तिनेच मला सांगितलं होतं, आवळासुपारी चघळत, जिन्यात. "कायम झाले ना वंदे, की पहिली गोष्ट काय करणार सांगू? आजारी पडणार. दोन दिवस. भरपगारी!"

"वंदे, तुझा हात चांगला आहे," तीच म्हणाली. "दारावरच्या फलकासाठी एक पक्षी काढून देशील? मोठा, झकास." आणि तिने पेटीतून एक चित्र काढून माझ्यासमोर ठेवलं.

तो स्वर्गीय नर्तक होता. बुलबुलाएवढा पांढरा पक्षी, काळं डोकं, काळा तुरा, आणि शेपटीला अंगापेक्षा कितीतरी लांब दोन पिसं, कात्रीने कापून वाऱ्यावर सोडलेल्या रिबिनींसारखी. असा पक्षी खरंच असतो यावर माझा विश्वास बसेना. "असतो गं, आपल्या येऊरच्या रानात येतो हिवाळ्यात," कुंदाताई म्हणाली. मी तोंडाने हो हो म्हणत होते आणि डोक्यात एकच चालू होतं: ही शेपटी साडीच्या काठावरून कशी जाईल.

वाचनालय दुपारी एक ते चार बंद असायचं. कुंदाताईने मला मागच्या खोलीत बसवलं, बाहेरून कुलूप घातलं आणि घरी जेवायला गेली. माझ्याजवळ बटर पेपर होता, पेन्सिल होती. पेन्सिलीने गिरवून घ्यायचं आणि बाकीचं घरी करायचं, असंच मी ठरवून आले होते. पण आमचा बटर पेपर हलक्यातला, धुरकट. तुऱ्याचे केस त्यातून दिसेनात, पिसांची टोकं हरवायला लागली. दोनदा खोडलं. मग मी कंपासपेटी उघडली. तीत आईची एक बुचातली सुई असायची. टेबलावर वर्तमानपत्रांची घडी घातली, तिच्यावर चित्र, चित्रावर कागद, आणि हात आपोआप चालू झाला. टच टच टच.

मला आज कुणी विचारलं की तुला कळत नव्हतं का, तर खरं उत्तर हेच की नव्हतं. कॅलेंडर, मासिकाचं पान, लग्नपत्रिका, जे चित्र घरात येई त्याच्यावर कागद ठेवून आई थेट टोचायची. चित्राची अशीच नक्कल काढतात, हे मी चालायला लागल्यापासून बघत होते. चोच झाली, तुरा झाला, पाठ झाली, त्या दोन लांबच लांब रिबिनी झाल्या, पोट, उजवा पाय. डाव्या पायाशी आले आणि बाहेर कुलपात किल्ली फिरली. मी कागद उचलला. नेहमीसारखा श्वास धरला होता, तो सुटलाच नाही. खाली पांढऱ्या पक्ष्याच्या कडेने भोकांची रांग होती.

अंगठ्याच्या नखाने मी ती भोकं दाबून दाबून बसवली. समोरून बघितलं तर काळ्या रेषेत लपून गेली. कुंदाताई आत आली तेव्हा चित्र उताणं, नीट, होतं तसं पडलेलं होतं. "झालं?" तिने विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

घरी आईने खाका उजेडावर धरला आणि तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "ह्या पाखरू खंयसून हाडलंस गो?" मग बोटाने खाली दाखवलं. "ह्येचो एक पाय खंय गेलो?"

"पानामागे आहे," मी म्हटलं. आईने मान डोलावली आणि तिथे एक पान काढलं. जिग्नाबेननी तो पक्षी पहिला नेला, आणि महिन्याभरात आमच्या भागात एका पायाचे इतके पक्षी उडायला लागले की विचारू नका. वाचनालयाच्या दारावर निळ्या कापडाचा फलक लागला. त्यावर त्याच खाक्याने पांढऱ्या भुकटीत पक्षी उमटवला होता. सबनीस सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ज्या हाताने मी भोकं बसवली त्याच हाताने मी त्यांच्या पाया पडले.

प्रदर्शन कसं होतं ते खरं तर मला सांगायचंय, कारण तसं काही मी नंतर बघितलं नाही. सभागृहात दोऱ्या बांधून चित्रं लावली होती. घूस होती, फणस होता, कीटकाला धरून बसलेला सरडा होता. शाळांच्या रांगा यायच्या, भाजी घेऊन निघालेल्या बायका पिशव्या दाराशी ठेवून आत यायच्या. एक आजोबा फणसाच्या चित्रासमोर उभे राहून बायकोला म्हणाले, "बरका आहे." तिने चष्मा सावरला. "कापा आहे. गरे बघा की." ते दोघं तिथे इतका वेळ भांडले की कुंदाताईने त्यांना खुर्च्या आणून दिल्या. लोकांना इतकं कुतूहल असतं हे मला ठाऊक नव्हतं. आणि सगळ्यांत मानाची जागा, पश्चिमेची खिडकी, माझ्या पक्ष्याला मिळाली होती. चित्राच्या पाठीवर त्या वनखात्यातल्या गृहस्थांनी पक्षी कुठे दिसला ते पेन्सिलीने लिहिलं होतं. ते वाचता यावं म्हणून सरांनी चित्र दोन काचांमध्ये धरून खिडकीत उभं केलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन फिरून खिडकीत आलं. चौथीतली एक मुलगी ओरडली, "टीचर, पक्ष्यातून ऊन येतंय!"

सर भिंग घेऊन आले. बराच वेळ बघत राहिले. मी चार हातांवर उभी होते, कंपासपेटी दप्तरात होती. "कसर," सर म्हणाले. "कसर लागली." कागद खाणारा तो चंदेरी किडा. गोळा झालेल्या लोकांना त्यांनी रडवेल्या आवाजात समजावूनही सांगितलं, की रंगवताना रेषेवर डिंकाचा हात देत, आणि कसर डिंकाच्या मागे जाते, म्हणून बघा कशी बरोबर रेषेवरून गेली आहे. लोक वाकून वाकून बघत होते. एका बाईने तर हातच जोडले. "बाई, अक्कल बघा किड्याची!"

मग सर वळले. "कुंदा, पेटीत डांबराच्या गोळ्या कधी टाकल्या होत्यास?"

"दिवाळीत, सर."

"नक्की?"

कुंदाताईने तोंड उघडलं. तिच्या तोंडात तिचं ते नेहमीचं वाक्य आलेलं मला दिसलं. पण समोर सरांचे डोळे भरलेले होते, आणि पक्ष्यातून ऊन येत होतं. "टाकल्या असतील," ती म्हणाली.

त्या एका ‘असतील’वर सगळं गेलं. प्रदर्शन त्याच संध्याकाळी गुंडाळलं. बाकीच्या चित्रांना लागण नको म्हणून पेटी बंद झाली ती बंदच राहिली. पहिल्या तारखेपासून कुंदाताईने येऊ नये, असं कमिटीने कळवलं. मी काय केलं? मी घरी गेले आणि आईने वाढलेली पेज प्यायले. दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं, मग परीक्षेनंतर, मग तिचं लग्न ठरलं असं कळलं तेव्हा वाटलं आता कशाला. माझ्या गप्प राहण्याला दर वेळी एक सभ्य कारण मिळत गेलं. त्यातलं सगळ्यांत वाईट अजून सांगितलं नाही. कुंदाताईचं काम गेलं हे ऐकून आईला फार लागलं. तिने एक साडी स्वतः छापून, स्वतः भरून तिला लग्नात दिली. पदरावर तोच पक्षी, पायाच्या जागी पान. ती साडी घेऊन जाणारी मीच होते.

आपल्या भाषेत कसर म्हणजे कागद खाणारा किडा, आणि कसर म्हणजे मागे राहिलेली उणीव. हा शब्द ऑफिसात कुणी सहज वापरला तरी मी इतकी वर्षं मान खाली घालत आले आहे. नवऱ्याला वाटतं माझी मान दुखते.

आता गेल्या हिवाळ्याचं सांगते. सांताक्रूझच्या ऑफिसातून दिंडोशीला घरी येताना मोबाइलवर एक निरोप आला. मुलुंडच्या त्याच वाचनालयात दुर्मिळ निसर्गचित्रांचं प्रदर्शन. नवी इमारत, नवी माणसं. मी गेले. सभागृहात अंधार केला होता आणि मधोमध, खालून दिवा लावलेल्या काचेच्या पेटीवर, तो होता. उजेड भोकाभोकातून वर येत होता. पांढऱ्या कागदातून उजेडाचा पक्षी उठला होता, रिबिनींसकट. मुलं फोटो काढत होती. शेजारी कार्ड होतं: चित्राच्या बाह्यरेषेवर सुईची छिद्रे आहेत, जुन्या काळी चित्राची नक्कल उतरवण्याची ही पद्धत होती, एखाद्या अज्ञात कलाकाराने हे केले असावे.

मांडणी बघणारी तन्वी नावाची पंचविशीतली मुलगी माझ्याजवळ आली. "ही आमची स्टार आहे, काकू. सगळे आधी इथेच येतात. आधीच्या नोंदीत चक्क कसर लिहिलंय, बोला! कसर अशी समान अंतरावर खाते का? आणि गंमत बघा, डावा पाय टोचलेलाच नाही. आमचा अंदाज आहे की काम अर्धवट टाकून तो कलाकार मध्येच वारला वगैरे असणार."

"वारला नाही गं," मी म्हटलं. "दिंडोशीला राहतो."

ती हसली. मग माझ्याकडे बघून हसायची थांबली. मी तिला तिथेच, उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. इतक्या वर्षांचं ओझं, पाच मिनिटंही लागली नाहीत. ती रागावेल असं वाटलं होतं, पण तिचे डोळे चमकायला लागले. खाका म्हणजे काय, बोळा कशाचा, सुई किती नंबरची. वही काढून लिहायला लागली. "काकू, हे तर त्याहून भारी आहे! आपण कार्ड बदलू या. आजच."

"आज नको," मी म्हटलं. "आधी मला चारकोपला जायचंय."

कुंदाताईचा पत्ता मला कायम ठाऊक होता. चारकोपच्या तिच्या सेक्टरच्या गेटपर्यंत मी दोनदा जाऊन परत आले होते. या वेळी बेल वाजवली. तिने दार उघडलं आणि आधी वास आला, डांबराच्या गोळ्यांचा. चपलांच्या कपाटात गोळ्या, पुस्तकांमागे गोळ्या, सोफ्याच्या उशीखाली गोळ्या. केस पिकलेले, चष्मा तोच. "वंदे? तू? ये ये," म्हणत ती आत गेली, चहा टाकला, गॅस बंद केला, बाहेर आली, पुन्हा आत जाऊन बटण बघून आली. कप ठेवला, पुन्हा उठली. "माझं हे असं," ती ओशाळून म्हणाली. "दोनदा बघितल्याशिवाय चैन नाही पडत. पोरं चिडतात. इथल्या गाळ्यात पॅकिंगला होते ना, तिथेही कुलूप तीनदा ओढून बघायचे. सगळ्या हसायच्या. काय आहे, माझ्या हातून गोष्टी राहतात."

मी सांगितलं. खाली बघून नाही, तिच्याकडे बघून सांगितलं. चहावर साय धरली.

मग तिने विचारलं, "तुझ्या आईने दिली ती साडी. त्यावरचा पक्षी?"

"तोच."

"पोरीच्या बारशाला नेसले होते मी ती." खिडकीबाहेर कुणीतरी रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होतं, ते संपलं. आणि मग ती अगदी हळू, माझ्याशी नव्हे, बोलली. "म्हणजे मी गोळ्या टाकल्या होत्या."

"टाकल्या होत्यास."

"दिवाळीत. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी. पाकीट फुटलं होतं, एक गोळी टेबलाखाली गेली, ती मी ओणवी होऊन काढली." तिने चष्मा काढला. "मला दिसायचं गं ते सगळं. पण मी म्हणायचे, हे मी नंतर मनानेच रचलेलं असणार."

मी माफीचा शब्द काढणार तोच तिने हात वर केला. "ते म्हणू नकोस. मला नाही जमायचं. चित्र कधीपर्यंत आहे तिथे?"

शेवटच्या दिवशी ती आली. ती साडी नेसून नव्हे, पिशवीत घालून. दिव्याच्या पेटीजवळ वाकून तिने चित्रातला पक्षी बघितला, मग पिशवीतून पदर ओढून त्यावरचा बघितला. डाव्या पायाच्या जागी तिथे टोचायचं राहिल्याने अंधार, इथे धाग्याचं हिरवं पान. "राहिलीच की गं तुझी कसर," ती म्हणाली. तिच्या आवाजात काय होतं ते मी ठरवू शकले नाही, अजूनही नाही.

तन्वी नवं कार्ड घेऊन बसली होती. वाचनालयाच्या एका वाचक मुलीने आईच्या पद्धतीने हे टोचलं, असं तिने लिहून ठेवलं होतं. "वाचक मुलगी नको, माझं नाव घाल," मी म्हटलं. तिने घातलं. मग तिने कुंदाताईकडे बघितलं. "काकू, तुमचं नाव?"

"माझं कशाला?" कुंदाताई म्हणाली. दोन पावलं गेली, परत आली. "नाही, घाल. आणि खाली एक ओळ लिही. लिही, पेटीत डांबराच्या गोळ्या वेळेवर टाकलेल्या होत्या."

तन्वीने लिहिलं, अक्षर सुंदर काढून. टाचणी हातात घेतली. "लावायच्या आधी एकदा वाचून बघता का, काकू?"

"नको," कुंदाताई म्हणाली. हात झटकले आणि दाराकडे वळली. "झालं म्हणजे झालं."